ओताकारची ओळ

गॉलवे, ६ ऑक्टोबर

प्रिय विलेम काका,

इतक्या महिन्यांनी पत्र आलं म्हणून रागावून घ्या, आणि मग पुढे वाचा. फोन केला असता, पण मागच्या वेळी तुम्ही मला वीज कंपनीतली बाई समजलात आणि मीटरवरून माझ्याशी कडाडून भांडलात. तेव्हा ईमेलने पत्रच बरं.

काम आहे, आणि ते बाबांचं आहे.

संगणकाच्या गाभ्यात चालणाऱ्या आपल्या कर्नलच्या येणाऱ्या आवृत्तीत काहीतरी बिघडलंय. ऑस्ट्रियातल्या एका हवामान अभ्यासकाने कळवलं. त्याच्या यंत्रावर तापमानाचे आकडे मोजले जातात. परवा त्या आकड्यांच्या मधोमध हे आलं: उणे चार, उणे चार, "मार्ता, बटाटे विसरू नकोस", उणे तीन. ते बटाटे त्याच यंत्रावर टपाल लिहिणाऱ्या दुसऱ्याच माणसाचे. म्हणजे एकाचं मेमरीतलं पान काढून दुसऱ्याला दिलं गेलं, आणि पहिला अजून त्यावर लिहितोच आहे.

मेमरी विभागाचा मुखिया ईवार म्हणतो, सगळे माग पानं परत घेण्याच्या बाबांच्या पद्धतीपाशी येऊन थांबतात. नोव्हेंबरच्या मध्यावर आवृत्ती बाहेर पडेल. तोवर कारण सापडलं नाही, तर ओताकार सेद्लाकचं सगळं काम मुळासकट उपटायचं आणि त्याजागी जुनी, सावकाश चालणारी पद्धत बसवायची. उपटण्याचा पॅच, म्हणजे कोडमधला तो बदल, मी पाठवायचा, कारण बाबा गेल्यापासून तो कोपरा मी सांभाळते.

काका, बाबांचं घड्याळ थांबलं, गाडी विकली गेली, ब्रनोच्या घरात दुसरे लोक राहतात. त्यांच्या हातचं एवढंच जगात अजून चालू आहे.

तुम्ही त्यांच्या समोरच्या टेबलावर बसायचात. तेव्हा त्यांच्या मनात काय होतं हे सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. आठवेल ते लिहा. लवकर लिहा.

तुमची,
बेत्का

ता. क. माझं चेक दुरुस्त करू नका. मी सात वर्षांची असताना आई मला घेऊन आयर्लंडला आली, भाषाही तेवढ्याच वयाची राहिली.


तिश्नोव, ९ ऑक्टोबर

प्रिय बेत्का,

तुझं पत्र आलं तेव्हा मी सफरचंदं उतरवत होतो. शिडीवरून उतरायला वेळ लागला, वाचायला त्याहून जास्त. तुझं चेक दुरुस्त करणार नाही म्हणतो, पण "कडाडून" हा शब्द तुला कुठून सापडला? सात वर्षांच्या मुली कडाडत नाहीत. शाबास!

बटाट्यांवरून मी इतका हसलो की शेजारच्या पाव्हलाबाई कुंपणापाशी येऊन विचारत्या झाल्या, "काय हो, गोळ्या घेतल्यात ना?" मग हसू ओसरलं आणि ओता आठवला.

आमचं कार्यालय एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर होतं. सकाळभर खालून कोलाच्यांचा, आपल्या त्या गोड पावांचा, वास यायचा आणि ओता नाक वर करून म्हणायचा, "विलेम, आज खसखशीचे." कधी चुकला नाही. कोडमध्ये चुकायचा, खसखशीत नाही.

नव्या पोरांना हे पेज टेबलाचं प्रकरण समजावायचं काम माझ्याकडे असे. मी सांगायचो, बाबांनो, प्रोग्रॅमला मेमरीतली खरी जागा ठाऊक नसते. त्याच्यापाशी नुसता पत्ता. पत्त्यावरून जागा सांगणारा तक्ता कर्नलच्या हातात. पण प्रोसेसर हा आळशी विद्यार्थी. दरवेळी तक्ता कोण उघडणार, म्हणून चार पत्ते पाठ करून ठेवतो. इकडे तक्त्यात जागा बदलते, तिकडे याचं पाठांतर जुनंच. म्हणून कर्नलने दर बदलानंतर सगळ्या प्रोसेसरांना ओरडून सांगायचं: "पाठ केलेलं विसरा!" त्या ओरडण्याला तुम्ही लोक फ्लश म्हणता. ते राहिलं, की तुझे बटाटे.

आणि मग मी त्या पोरांना आमच्या हलास्कोवाबाईंनी दुसरीत शिकवलेली कविता म्हणून दाखवायचो. बाकावर हात टेकून, मान ताठ ठेवून म्हणायची असे ती.

पाखरू गेले, फांदी हलते,
बसले आहे अजून, वाटते.

साऱ्या पेज टेबलाचं दुःख त्यात आलं की नाही? पोरं हसायची. ओता मात्र खिडकीबाहेर बघत बसायचा. तू आणि तुझी आई गेलात त्या वर्षीची गोष्ट ही.

आणखी काय लिहू? यंदा अळंबी कमी आहेत.

तुझा,
विलेम


गॉलवे, १२ ऑक्टोबर

विलेम काका,

कविता छान आहे. अळंबीबद्दल वाईट वाटलं. पण मी विचारलं होतं त्यातलं काहीही तुम्ही सांगितलं नाहीत!

इकडे काय चाललंय ते ऐका. मी दोष पकडायला म्हणून कोडमध्ये एक ओळ घातली: इथे पोचलास की पडद्यावर छाप. घातल्याबरोबर बटाटे गायब. ओळ काढली, बटाटे परत. पुन्हा घातली, पुन्हा गायब. मी बघायला लागले की तो लपतो. छापण्यात क्षणभर वेळ जातो, तेवढ्यात दुसरा प्रोसेसर आपलं आपण विसरून मोकळा होतो. म्हणजे मी कुठेही काहीही घातलं तरी दुखणं थांबतं, आणि थांबलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

इतकी कंटाळले की ईवारला लिहिलं, हीच ओळ ठेवून देऊ का? तो म्हणाला, "डॉक्टर, रोगी खोकायचा थांबला कारण तुम्ही त्याचं तोंड दाबून धरलंय." सगळ्यांसमोर म्हणाला.

आता नीट वाचा. बाबांच्या त्या फंक्शनमध्ये, पान काढून घेणाऱ्या कोडच्या तुकड्यात, पूर्वी त्यांचा स्वतःचा एक फ्लश होता. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी तो काढला. पण ते काढणं बरोबरच होतं, कारण बाबांनीच वर टीप लिहून ठेवली आहे की फ्लश शेवटी बोलावणारा करेल. जो कोणी हे फंक्शन बोलावतो तो नंतर स्वतः ओरडणारच असेल, तर दोनदा ओरडायचं कशाला? त्या बदलाने सगळं बरंच जलद झालं होतं, लोकांनी कौतुक केलं होतं. तेव्हा ती वाट बंद. दोष दुसरीकडे कुठेतरी आहे, बाबांच्या रचनेत, आणि मला तो दिसत नाही.

त्यांना या रचनेत कशाची भीती वाटायची? कुठल्या जागेबद्दल कधी काही बोलले होते? मला झोप लागत नाही. खाते काय ते कळत नाही. काल मांजराचं खाणं माझ्या ताटात वाढून घेतलं होतं.

बेत्का


तिश्नोव, १५ ऑक्टोबर

प्रिय बेत्का,

तुझं पत्र मी तीनतीनदा वाचलं आणि जे तू लिहिलं नाहीस तेही मला दिसलं.

दुरुस्तीच्या पत्राखाली ती एक ओळ लिहावी लागते ना, "ही दुरुस्ती अमक्याच्या अमक्या बदलाची"? नाव आणि तारखेसकट, कायमची. तुला बापाचं नाव तिथे लिहायचं नाही. म्हणून तू तळमळते आहेस. पोरी, अगं लाजतेस कशाला? मलाही ते नको आहे.

ओता काही पुतळा उभारण्याजोगा मोठा नव्हता. ब्रनोच्या रस्त्याला त्याचं नाव देणार नाहीत. पण बेकरीवरच्या त्या खोलीत, हिटर बंद पडलेला असताना, हातमोजे घालून टंकत बसलेला माणूस मी पाहिलाय. दुपारी डब्यात प्लम घातलेले उकडलेले गोळे असायचे, थंडगार. मला दोन द्यायचा, आपण एक खायचा, आणि म्हणायचा, "मला गोड आवडत नाही." धादांत खोटं. अशा माणसाचं नाव चुकीच्या यादीत का जावं?

तू शांत राहा. म्हातारा अजून अगदीच मोडीत निघालेला नाही. मी काहीतरी करतो.

विलेम


गॉलवे, १९ ऑक्टोबर

काका,

तुम्ही हे काय करून बसलात!

ईवारला खासगी पत्र लिहायचं होतं ना तुम्हाला? मग त्यावर टपालयादीचा पत्ता कसा? "गेलेल्या माणसाला निवांत राहू द्या, त्याचं नाव दोषाखाली लिहू नका, त्याची मुलगी झुरते आहे." हे आता साऱ्या जगातले कर्नलवाले वाचताहेत! सोलपासून साओ पाउलोपर्यंत! एका माणसाने मला सांत्वनाचं पत्र पाठवलंय, त्याला वाटलं बाबा परवा गेले.

आणि ईवारने रीतीप्रमाणे तिथेच उत्तर दिलं. वाचलंत? "विलेम, आम्ही इथे कुणाची अब्रू मोजत नाही. ती ओळ शिक्षा नव्हे, ती जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांसाठी पाटी आहे: कुठपासून धोका आहे ते सांगणारी. ओताकार माझाही मित्र होता." तो बरोबर बोलतोय.

मी झुरते आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं? नावाची मला पर्वा नाही. चूक बाबांची असेल तर मी पहिली लिहीन. मला कारण पाहिजे! कारणाशिवाय मी त्यांचं काम उपटून फेकणार आणि उद्या कळणार की ते निर्दोष होतं, या भीतीने मला बसवत नाही. आणि तुम्ही मला त्यांच्या डब्यातले गोळे मोजून दाखवता.

बेत्का


तिश्नोव, २३ ऑक्टोबर

प्रिय बेत्का,

बोटांनी घात केला. आयुष्यभर प्रत्येक पत्र यादीला पाठवायची सवय, बोटांनी आपण होऊन पत्ता लिहिला. पाव्हलाबाई म्हणाल्या, "चला, निदान माझ्याबद्दल तरी काही लिहिलं नाहीत ना?" ईवारची मी माफी मागितली. तीही यादीवर गेली. आता मी यादीला हात लावत नाही.

तुझं रागावणं मी खिशात घेऊन दोन दिवस नदीकाठी फिरलो. गोळ्यांचं सोड. पण फिरता फिरता तुझ्या आधीच्या पत्रातलं एक वाक्य पायात खड्यासारखं टोचायला लागलं. तू लिहिलं होतंस, ओताने टीप लिहिली आहे की फ्लश शेवटी बोलावणारा करेल.

करेल?

बेत्का, मी त्या माणसाबरोबर अर्धं आयुष्य काढलं. "करेल", "होईल", "नक्की" असलं काही तो बोलत नसे. "ओता, उद्या येतोस ना?" "झालंच तर." "ओता, हे चालेल?" "झालंच तर." लग्नाला उभा असताना अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा हा काय म्हणतो या धास्तीने मी घामाघूम झालो होतो. अशा माणसाने दुसऱ्याच्या वतीने हमी लिहून दिली, हे मला पटत नाही.

तू मला त्या टिपेचा अर्थ सांगितलास. अर्थ नको. त्याने लिहिलं ते जसंच्या तसं पाठव, इंग्रजी असेल तर इंग्रजी. मला शब्द दाखव.

विलेम


गॉलवे, २४ ऑक्टोबर

काका, टीप एका ओळीची आहे. फ्लश "इव्हेंच्युअली" बोलावणारा करतो. शब्द "इव्हेंच्युअली". म्हणजे शेवटी, उशिरा का होईना पण नक्की. इथे शाळेतल्या पोराला विचारा, हाच अर्थ सांगेल. यात काय शोधणार तुम्ही?

बेत्का


तिश्नोव, २४ ऑक्टोबर, दुपार

बेत्का! बेत्का!

मी स्वयंपाकघरात उभ्याने लिहितोय, चहा उतू गेलाय, जाऊ दे.

त्याचा "झालंच तर" म्हणजे तुला माहीत आहे का तो कुठला शब्द उच्चारायचा? "एवेन्टुआल्ने"! आपला चेक शब्द. तू गेलीस तेव्हा सात वर्षांची होतीस, हा कार्यालयातल्या माणसांचा शब्द, तुझ्या कानावर पडायचं कारण नाही. मुलांशी असं कोणी बोलत नाही, सरकारी पत्रांत असतो. त्याचा अर्थ "शेवटी नक्की" असा मुळीच नाही. त्याचा अर्थ "कदाचित", "जमलं तर", "वेळ आलीच तर". दिसायला इंग्रजी शब्दाचा जुळा भाऊ, स्वभावाने उलटा.

आम्हाला शाळेत रशियन शिकवलं, इंग्रजी आम्ही यंत्रांच्या पुस्तिकांतून उचललं. ओता आपला शब्द घ्यायचा, त्याला इंग्रजी कोट चढवायचा आणि पाठवून द्यायचा. आम्ही सगळेच तसे. मी एकदा एका जपानी माणसाला लिहिलं होतं की तुमचा पॅच मला "सिम्पॅथेटिक" वाटतो. आपल्याकडे त्याचा अर्थ छान, आवडला. त्या बिचाऱ्याने विचारलं, कोण आजारी आहे?

म्हणजे ओताने काय लिहिलं होतं बघ: "फ्लश बोलावणारा करेल, झालंच तर." आणि करेलच याची खात्री नाही म्हणून त्याखाली त्याने स्वतःचा फ्लश ठेवला होता! ती टीप हमी नव्हती, इशारा होता. त्याची रचना धडधाकट आहे. आता सगळ्या बोलावणाऱ्यांची दारं एकेक करून ठोठाव. त्यांत एखादा असेल जो ओरडत नाही.

आणि मला एवढं सांग, तो फ्लश काढणारा इंग्रजीचा पंडित कोण? टीप वाचली, खालचा फ्लश वाचला, आणि त्याला विचारावंसं वाटलं नाही की हा माणूस वेडा होता का, वर एक लिहून खाली दुसरं करायला? कान धरून बाकावर उभा करायला हवा गाढवाला!

विलेम


तिश्नोव, २९ ऑक्टोबर

बेत्का,

पाच दिवस झाले. उत्तर नाही. माझं पत्र पोचलं का? की मी पुन्हा कुठल्या यादीला पाठवलं? काही चुकीचं लिहिलं का मी?

विलेम


गॉलवे, ३ नोव्हेंबर

प्रिय विलेम काका,

पत्र पोचलं होतं. लगेच उत्तर द्यायला जमलं नाही.

आधी कामाचं. तुम्ही म्हणालात तशी सगळी दारं ठोठावली. एक सापडला. येणाऱ्या आवृत्तीत नव्याने आलेला एक रस्ता बाबांचं फंक्शन बोलावतो, पान काढून घेतो आणि एक शब्द न उच्चारता निघून जातो. इतके दिवस बाकीचे सगळे ओरडत होते म्हणून काही बिघडलं नाही. हा पहिलाच मुका. आता पान काढल्यावर, पाखरू उडाल्यावर, त्याला तिथेच अडवून धरायची एक चाचणी लिहिली: बटाटे हमखास येतात. बाबांचा फ्लश परत घातला आणि तसंच अडवून धरलं, कितीही वेळ: येत नाहीत. आता हे तोंड दाबून धरणं नाही, आता हे कारण आहे. ईवारला पाठवलं. त्याने फक्त "हं" लिहिलं. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

बाबांचं काम राहणार. उपटायचं नाही.

आता दुसरं. गाढवाचं नाव बेत्का सेद्लाकोवा.

तीन वर्षांपूर्वीचा तो बदल माझा आहे. मी नवीनच त्या कोपऱ्यात आले होते, बाबा नुकतेच गेले होते. त्यांची ओळ वाचली आणि मला वाटलं, बघा, स्वतःच म्हणतात की नक्की होणार, आणि तरी खाली परत तेच करतात. नेहमीसारखे दुहेरी गाठ मारून बसलेले. मी गाठ सोडली. मला गंमत वाटली होती, काका. तुम्हाला मी "कोणीतरी" लिहिलं कारण मला खरोखर वाटत होतं की त्यात काही चूक नाही, आणि थोडं असंही वाटत होतं की असली तर ती निदान तुम्ही तरी मला सांगू नये.

लहानपणी ते मला इंग्रजीतून पत्रं लिहायचे. मी चेक विसरत होते म्हणून. मी ती लाल पेन्सिलीने तपासून परत पाठवायचे, गुण देऊन. दहापैकी चार. दहापैकी तीन. ते पुढच्या पत्रात लिहायचे, "मी अजून मेहनत करीन, बाई." आणि त्या पत्रांत हा शब्द कितीदा तरी असायचा. "उन्हाळ्यात मी इव्हेंच्युअली गॉलवेला येईन." मी वाट बघायचे. शेवटी नक्की येणार असं लिहिलंय ना! ते आले नाहीत तेव्हा मी ठरवलं की बाबा खोटं बोलतात. आईलाही तसंच सांगितलं. पुढे पत्रांना उत्तरं देणं कमी केलं.

ते फक्त म्हणत होते, जमलं तर.

हे तुमचं पत्र आल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मग मला काही दिवस कुणालाच काही लिहिता आलं नाही.

पॅच तयार आहे. खाली ती ओळ माझ्या पूर्ण नावाने लिहिली आहे, ही दुरुस्ती अल्झ्बेता सेद्लाकोवाच्या बदलाची. ईवारची एक अट आहे: टिपेतला तो शब्दही बदल. नाहीतर आणखी कोणीतरी वाचेल.

बेत्का


तिश्नोव, ५ नोव्हेंबर

माझ्या बेत्का,

दुशिच्कीला, गेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, स्मशानात गेलो होतो. थडग्यांवर मेणबत्त्या, शेवंतीची फुलं, थंडी. ओताच्या दगडावरची पानं झाडली, तुझ्या नावाची एक मेणबत्ती लावली. पाव्हलाबाई बरोबर होत्या. म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्याशी फार मोठ्याने बोलताय, ते बहिरे नाहीत, तुम्ही आहात." मी त्याला सगळं सांगत होतो.

मी तुला गाढव म्हटलं. शब्द मागे घेता येत नाही, कर्नलमध्येही नाही आणि बाहेरही नाही. पण एक सांगतो. तो यायचा बेत खरोखर करत असे. दर मेमध्ये गाड्यांचं वेळापत्रक टेबलावर पसरलेलं. मी विचारायचो, "जातोस?" "झालंच तर." मग कामं, मग पैसे, मग तुझी उत्तरं कमी येऊ लागली, मग त्याला वाटलं तुला तो नको आहे. दोघेही एकाच शब्दाच्या दोन बाजूंना बसून राहिलात. यात गाढव कोणी नाही. असलाच तर मी. वेळापत्रक समोर दिसत असून तिकीट काढून त्याच्या हातात ठेवलं नाही.

आता माझी एक विनंती. तो शब्द बदलू नकोस.

तुला माहीत आहे, कुठली ओळ कोणी लिहिली हे विचारायचं आपल्याकडे जे साधन आहे त्याचं नावच "दोष". दोष विचारला की प्रत्येक ओळीपुढे माणसाचं नाव येतं. त्या ओळीतला एक शब्द बदललास की सबंध ओळ तुझ्या नावावर होईल. ओताचं नाव तिथून जाईल. बाकीच्या ओळी यंत्रासाठी आहेत बेत्का, त्या कोणीही तशाच लिहिल्या असत्या. ही एकच ओळ त्याने माणसांसाठी लिहिली. त्यात तो बोलतोय, त्याच्या मोडक्या इंग्रजीत, जसा बोलायचा तसा. खाली आणखी एक ओळ घालून अर्थ सांग हवा तर. पण त्याचं बोलणं पुसू नकोस. म्हाताऱ्याचा हट्ट म्हण.

विलेम


गॉलवे, १३ नोव्हेंबर

प्रिय विलेम काका,

आवृत्ती काल बाहेर पडली. हवामानवाल्या ऑस्ट्रियन गृहस्थाने कळवलंय की त्याच्याकडे आता नुसतीच थंडी आहे, बटाटे नाहीत. मार्ताला ते मिळाले की नाही कोण जाणे.

तुमच्या विनंतीवर मी खूप विचार केला. तुम्ही सांगितलंत तसं करूनही पाहिलं: त्यांची ओळ ठेवली, खाली अर्थाची ओळ घातली. वाचून बघितलं. वरची ओळ एक सांगते, खालची म्हणते तसं नाही. मग माझ्या लक्षात आलं की हेच तर मी लाल पेन्सिलीने करत होते. त्यांचं वाक्य तसंच ठेवून खाली शेरा.

काका, त्यांचा आवाज तुम्हाला त्या शब्दात ऐकू येतो, कारण तुम्ही तो खोलीत बसून ऐकलाय. मी तोच शब्द वाचला आणि मला दुसराच माणूस ऐकू आला. उद्या सोलमध्ये कोणी मुलगी ती ओळ उघडेल. तिला तिश्नोवमध्ये काका नसेल. तिला त्यांचं म्हणणं कळायला हवं.

म्हणून मी शब्द बदलला. आता लिहिलंय: "फ्लश बोलावणारा करेल किंवा करणार नाही. त्याच्यावर विसंबू नका, इथेच करा." बाबांना हेच म्हणायचं होतं. मी ते फक्त त्यांच्या वतीने नीट म्हटलं. फ्लश ज्या जागी होता त्याच जागी परत ठेवला.

तुम्ही रागवाल हे मला माहीत आहे. रागवा, पण लिहीत राहा. मी डिसेंबरच्या वीस तारखेचं ब्रनोचं तिकीट काढलंय. काढलंय म्हणजे काढलंय, झालंच तर नाही.

आज सकाळी मी ते साधन चालवून बघितलं. सबंध फंक्शनला विचारलं, दोष कोणाचा? वरून खाली नावं येत गेली. आयर्लंडच्या शाळेत जाऊ लागल्यापासून बाबांचं आणि माझं नाव कुठल्याच कागदावर एकत्र आलं नव्हतं. मी ते मोठ्याने वाचलं, तुम्ही बाकावर हात टेकून कविता म्हणता तसं:

ओताकार सेद्लाक.
ओताकार सेद्लाक.
अल्झ्बेता सेद्लाकोवा.
अल्झ्बेता सेद्लाकोवा.
ओताकार सेद्लाक.
ओताकार सेद्लाक.

तुमची,
बेत्का